खरकट्याची बादली

जुलियानामावशींच्या तेवीस कोंबड्या माझ्यामुळे मेल्या, हे आधीच सांगून टाकते. नंतर सांगू म्हटलं की मी इकडचं तिकडचं बोलत बसते आणि नेमकं तेवढं राहून जातं. एकदा तसं केलंय, पुन्हा नको.

गोष्ट दोन हजार तीन सालची. ह्यांची वसईला बदली झाली आणि आम्ही भुईगावात भाड्याने दोन खोल्या घेतल्या. स्टेशनाजवळच्या इमारतींत टँकरचं पाणी, इथे दारात विहीर, मागे केळीची वाडी आणि मालकीण एकटी, ह्याच जुलियानामावशी. मी मूळची कराडची. ख्रिस्ती माणसं घरात मराठी बोलतात हेसुद्धा मला तोवर ठाऊक नव्हतं, एवढी मी शहाणी. मावशी नातेवाइकांशी त्यांच्या सामवेदी बोलीत बोलायच्या, त्यातलं मला निम्मं कळायचं नाही. माझ्याशी मात्र चर्चमधल्या प्रवचनासारखं स्वच्छ मराठी बोलत. आमच्या चार वर्षांच्या ज्ञानदाला पहिल्यांदा उचलून घेतलं तेव्हा म्हणाल्या होत्या की हिला उन्हात फार सोडू नकोस, इथलं ऊन खारं आहे.

मावशी तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या. नवरा, मायकल, आठ वर्षांपूर्वी गेलेला. एकुलता एक मुलगा बेसिल नायगावला नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा. दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की तो आईकडे यायचा आणि दर रविवारी तेच बोलणं काढायचा, आता वाडी विकू आणि तू आमच्याकडे चल. त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी मावशी विहिरीपाशी घसरून पडल्या, मनगट मोडलं आणि सकाळपासून दुपारपर्यंत त्या तिथेच पडून होत्या. कुणाला पत्ता नाही. तेव्हापासून बेसिलने धसका घेतला होता.

मावशींचं उत्तर ठरलेलं असायचं. मग कोंबड्यांना कोण बघणार?

बेसिल हसायचा, चिडायचा, पण त्याच अंड्यांवर वाढलेला मुलगा, कोंबड्या विकून टाक असं त्याच्या तोंडून निघत नसे. शेवटी त्या नाताळात त्याने माझ्या समोरच तोड काढली. या कोंबड्या आहेत तोवर तू इथे राहा. पण यापुढे अंडी उबवायला ठेवायची नाहीत, नवं पिल्लू आणायचं नाही. या संपल्या की एक अक्षर न बोलता माझ्याकडे यायचं. मावशी म्हणाल्या, ठीक आहे. कोंबडी नीट सांभाळली तर सहा-सात वर्षं जगते. मावशींनी मनात काय गणित मांडलं ते मला तिथल्या तिथे कळलं. हे घर सोडण्याआधी त्यांना देवाकडे जायचं होतं.

तेव्हापासून त्या कोंबड्यांना जिवापलीकडे जपू लागल्या. तशा आधीही जपायच्याच. सकाळी ऊन अंगणात उतरल्याशिवाय खुराड्याचं दार उघडायच्या नाहीत, कारण उजाडता उजाडता मुंगूस फिरतं. आधी खुराडं झाडायचं, विष्ठा बघायची, मग भाताची कणी आणि कोंडा भिजवून त्यात सुकटीचा चुरा. भुईगावच्या किनाऱ्यावरून आणलेले शिंपले पाट्यावर कुटून वेगळ्या परळात ठेवायच्या, त्याने अंड्याचं कवच धरतं म्हणायच्या. पाण्याचं भांडं दिवसातून दोनदा घासायचं, पाण्यात ठेचलेली लसूण. एका कोपऱ्यात चुलीची राख टाकलेली, तिच्यात कोंबड्या दुपारी लोळायच्या म्हणजे अंगाला पिसवा राहत नाहीत. आणि संध्याकाळी खुराड्यात जाताना प्रत्येकीला हातात घेऊन तिच्या गळ्याखालची पिशवी चाचपायची. भरलेली लागली की सोडून द्यायची. रिकामी लागली तर त्या कोंबडीचं काहीतरी बिनसलंय. तेवीसच्या तेवीस पिशव्या रोज चाचपताना मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसू आवरलं नाही. त्यांना राग आला नाही.

मी रोज अकराच्या सुमाराला घरातलं खरकटं बादलीत घालून अंगणात न्यायचे. उरलेला भात, चपातीचे तुकडे, भाजीची देठं. कोंबड्या खायच्या आणि आम्ही दोघी पायरीवर तासभर बोलत बसायचो. मला तरी त्या गावात दुसरं कोण होतं? ह्यांना घरी यायला आठ वाजायचे. त्या बादलीबाबत मावशींनी मला एकच गोष्ट बजावली होती. बाजारातून आणलेल्या कोंबडीचं काही त्यात पडता कामा नये. कातडं नको, हाड नको, मांस धुतलेलं पाणीसुद्धा नको. मी हो हो केलं. मनात म्हटलं, म्हाताऱ्या माणसाची खोड, दुसरं काय.

बेसिल त्या दिवसांत रविवारी आला की सहज विचारायचा, किती आहेत? त्याच्या मनात वाईट नव्हतं. मावशी म्हणायच्या, तेवीस.  

मार्चमध्ये धुळवड आली. आमच्या कराडकडे धुळवडीला कोंबडी नाहीतर बकरं हवंच. मावशींचा उपवासकाळ चालू होता, त्या ईस्टरपर्यंत मांसाला शिवणार नव्हत्या, म्हणून आम्ही दार लावून घेतलं. ह्यांच्या कंपनीतले तिघे आले होते. वसईच्या बाजारातून तीन कोंबड्या आणल्या. घरीच साफ केल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत कातड्यांचा ढीग. उन्हाने वास सुटलेला, दारात कावळे. खड्डा खणून पुरायला हवं होतं. मला कंटाळा आला.

मी ते बादलीत टाकलं आणि वर भात लोटला. नकळत झालं असं म्हणायची सोय मला नाही. भाताखालून पिवळट कातडं डोकावत होतं आणि ते मला स्वच्छ दिसत होतं. वाटलं, कोंबड्या काय वाट्टेल ते खातात, एक दिवस चमचमीत खाऊ देत. वाटलं, मावशींना कुठे दिसतंय.

अंगणात बादली उपडी केली. लालडी म्हणायच्या ती तांबडी कोंबडी आणि एक काबरी, दोघींनी कातडी ओढून काढली आणि पळत सुटल्या. बाकीच्या भातावर तुटून पडल्या. मावशी पायरीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या, त्यांच्या बहिणीच्या मुलीच्या लग्नाचं काहीतरी सांगत होत्या. मधेच थांबल्या. मग पुन्हा तिथूनच पुढे सांगायला लागल्या. आम्ही त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्तच वेळ बसलो.

दुसऱ्या दिवशी लालडी आणि काबरी घरामागे, कोंबड्या झाकायच्या मोठ्या टोपलीखाली, डालग्याखाली दिसल्या. मी विचारलं तर मावशी म्हणाल्या, खुडूक झाल्यात, चार दिवस अशाच ठेवीन म्हणजे अंड्यावर बसायचं डोक्यातून जाईल. पण त्यांना दाणापाणी देऊन आल्या की त्या साबणाने हात धुवायच्या. खुराड्यासमोर तांब्याच्या परातीत पोटॅशचं जांभळं पाणी आलं, आत जाताना त्यात पाय बुडवायच्या. राख बदलली. मी थट्टा केली की ईस्टरची साफसफाई यंदा लवकर निघाली. त्या हसल्या नाहीत. त्या आठवड्यात त्यांचं जेवणावर लक्ष नव्हतं, आणि मी मूर्खासारखी समजत होते की हा उपवासाचा परिणाम.

सहाव्या दिवशी लालडी डालग्याखाली अंग फुगवून, पंख लोंबत टाकून बसली. चोच उघडी, श्वासाची घरघर आणि खाली हिरवट पाणी. आठव्या दिवशी ती मेली. त्याच संध्याकाळी मावशी खुराड्यापाशी एकेकीची पिशवी चाचपत होत्या. एक पांढरी हातात आली आणि त्यांनी ती सोडलीच नाही. नुसती धरून बसल्या. मग तिला बाजूला ठेवलं, पुढची घेतली. त्या रांगेत त्यांनी पाच बाजूला ठेवल्या. मला तेव्हा भीती वाटली, खरीखुरी.

दुसऱ्या दिवशी ती पांढरीही मेली, तिला कापडी पिशवीत घालून आम्ही दोघी एसटीने जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी ती कापून बघितली आणि सांगितलं की मानमोडी आहे, याला औषध नाही, लस आधी द्यायला हवी होती. लस टोचणारा माणूस त्या वर्षी गावात फिरकलाच नव्हता. मग त्यांनी विचारलं, बाहेरून नवा पक्षी आणला होता का? मावशींनी नकारार्थी मान हलवली. बाजारातल्या कोंबडीची घाण, कातडी वगैरे खायला घातली होती का? बहुतेक वेळा तिथूनच येतो हा रोग.

 मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाल्या, "नाही, आमच्याकडे तसलं काही घालत नाहीत."

मी गप्प बसले. त्यांना ठाऊक नाही असं मला वाटलं आणि सुटल्यासारखं झालं. आयुष्यात मला स्वतःची सगळ्यात जास्त किळस कधी आली असेल तर त्या बाकावर, त्या सुटकेची.

पुढचं भराभर झालं. कोंबड्यांच्या माना पिळवटायला लागल्या. दाणा टिपायला जायच्या आणि मान उलटी फिरून चोच पाठीकडे जायची, मग त्या स्वतःभोवती गरगर फिरत पडायच्या. मावशी त्यांना मांडीवर घेऊन चमच्याने पाणी पाजायच्या. मेलेल्या आम्ही वाडीच्या टोकाला खड्ड्यात मीठ आणि चुना घालून पुरायचो. मी रोज खणायला जायचे, फोड येईपर्यंत खणायचे, जणू त्याने काही फिटणार होतं. ज्ञानदाला अंगणात सोडत नव्हते. त्यांच्यातला एकुलता कोंबडा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर इतकं गप्प होतं की ह्यांना कंपनीत जायला उशीर झाला.

रविवारी बेसिल आला. किती आहेत, त्याने विचारलं. मावशी म्हणाल्या, चौदा. त्याच्या पुढच्या रविवारी त्या म्हणाल्या, पाच. त्याने अंगणात नजर फिरवली आणि मला विचारलं की आई नीट जेवते का. मी नजर चुकवून हो म्हटलं.

डालग्याखालची काबरी सगळ्यात शेवटी गेली, ईस्टरच्या आधीच्या शनिवारी. मावशींनी तिला स्वतः पुरलं.

ईस्टरला बेसिल केक घेऊन आला. त्याने किती आहेत ते विचारलं नाही. आईच्या शेजारी पायरीवर बसला, बराच वेळ तिचा हात हातात धरून बसला, त्याचेच डोळे भरले होते. मग हळूच म्हणाला की आता चलशील ना? मावशी हो म्हणाल्या. एक अक्षर जास्त बोलल्या नाहीत. कबूल केलं होतं तसंच.

आठवड्याने टेम्पो आला. मी खोलीतून बघत होते. सामान जवळजवळ चढलं होतं. बेसिल दोरी बांधत होता आणि मावशी रिकाम्या खुराड्याला आतून चुना लावत होत्या, जसं काही उद्या पिल्लं येणार आहेत. मला राहवलं नाही. मी गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. धुळवड, मोरी, कातडी, वर लोटलेला भात. दवाखान्यात गप्प बसले तेही. मला वाटलं त्या मला हाकलतील. मनातून तेच हवं होतं.

मावशींनी ब्रश चुन्याच्या डब्यात ठेवला.

"मी बघितलं होतं," त्या म्हणाल्या. "लालडीच्या चोचीत. तेव्हाच ओरडले असते तर तू सगळं गोळा केलं असतंस, माफी मागितली असतीस. आणि मग लाजून बादली आणायची बंद केली असतीस. मला तुझ्या खरकट्याची गरज नव्हती, वसुंधरा. दिवसभरात तूच एक यायचीस."

 त्यांनी पदराने माझा चेहरा पुसला आणि म्हणाल्या की नायगाव काही लांब नाही, ज्ञानदाला घेऊन ये. मी नक्की म्हटलं. बेसिलने हाक मारली, तशा त्या टेम्पोत पुढे जाऊन बसल्या.

भुईगावातून एसटीने वसई स्टेशन, आणि पुढे एकच स्टेशन नायगाव. आम्ही त्यानंतर दोन वर्षं तिथे राहिलो. मला लाज वाटत होती. मी एकदाही गेले नाही.