मारव्यावर रसायनशास्त्र

निवृत्त काकांना आता गाण्याचा नाद लागलाय. त्यांनी माझी मारवा रागाची कॅसेट मागितली म्हणून परवा तिची डबी उघडली, कापराचा वास आला आणि लातूरची ती दुपार आठवली.

कॅसेटच्या दोन बाजूंना दोन गायकांचा मारवा होता. एक ऋषभावर रेंगाळायचा, दुसरा त्याला नुसता टोचून जायचा. भूकंपातून वाचलेली ती कॅसेट कुणी पुसू नये म्हणून मी कडेची प्लास्टिकची पाती मोडली होती. त्या दुपारी काकांनी त्या भोकांवर चिकटपट्टी लावून मारव्यावर आपल्या पोराच्या क्लासचं रसायनशास्त्र भरलं, दोन्ही बाजूंना.

"गाण्यानं मेडिकलला नंबर लागत न्हाई," म्हणाले.

मी तीच कॅसेट पाठवली. आज फोन आला, "अगं, यात तर रसायनशास्त्र हाय!"

"हाव काका. दोन्ही बाजू ऐका, अन् कुणाचा मारवा सरस ते सांगा."