लाल टिपक्यांची घरं

"मॅडम, आज दवाखाना उघडू का?" रत्नाताईंनी फोनवर एवढंच विचारलं आणि मला सगळं कळलं. सबनीस डॉक्टरांच्या अंबरनाथच्या दवाखान्याचं शटर त्या तीस वर्षं रोज सकाळी वर करत आल्या आहेत. ते उघडू का, असं त्यांनी कधी कुणाला विचारलेलं नव्हतं. मी बदलापूरला घरी चहा गाळत होते, गाळणी तशीच हातात राहिली. "उघडा," मी म्हणाले, "लोक येतील." आणि लोक आले. एमआयडीसीतली रात्रपाळी करून तसेच आलेले, फॅक्टरीतून रिटायर झालेले, उल्हासनगरहून रिक्षा करून आलेले... कुणालाच काही होत नव्हतं. येऊन नुसते बाकांवर बसून राहिले. सबनीस सर गेले, त्याला आता सहा आठवडे झाले.

सरांकडे मी संध्याकाळची ओपीडी बघायला लागले तेव्हा नुकतीच मोठ्या हॉस्पिटलमधून बाहेर पडले होते आणि मला सगळ्याचीच घाई असायची. सर मला 'डॉक्टरीणबाई' म्हणायचे, त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती हे मला शेवटपर्यंत नक्की कळलं नाही. पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या केसपेपरांवरून वाद घातला. त्यांच्याकडे माणशी केसपेपर नव्हताच. घराला एक कार्ड, आणि तेही घरातल्या बाईच्या नावानं. पुरुष कंपन्या बदलतात, पाळ्या बदलतात, बाई जागेवर असते, असं त्यांचं म्हणणं. शिवाय औषध न्यायला पेशंट स्वतः कधी येतच नसे. नवऱ्याची गोळी बायको नेणार, सासूची शेजारीण नेणार, ज्याला सवड असेल तो येणार. म्हणून ज्या घरात कुणाला एखाद्या औषधाची रिअ‍ॅक्शन येते, त्या घराच्या कार्डावर कोपऱ्यात लाल शाईचा टिपका. त्याचा अर्थ इतकाच, की या घरात काही देण्याआधी मला विचारा. कुणाला बाधतं, काय बाधतं, ते कार्डावर नाही. ते सरांच्या डोक्यात. घरच्यांना विचारलं तर बहुतेकांना 'ती पांढरी गोळी' एवढंच सांगता यायचं.

पुढे सरांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा उल्हासनगरला डायलिसिस सुरू झालं. एके दिवशी तिथून परत आल्यावर, हाताला पट्टी तशीच असताना, ते मला म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तो तुमचा कॉम्प्युटर घेऊन या. माझ्याजवळ फार दिवस नाहीत आणि टिपके बरेच आहेत." हे ते अगदी साधेपणानं म्हणाले. मी मात्र वर्षभर जे मागत होते ते मिळालं म्हणून आतून खूशही झाले होते. ही गोष्ट मला आज लिहायला लाज वाटते.

सॉफ्टवेअर आलं. एक माणूस, एक नोंद. नाव, जन्मतारीख, फोन, कुठलं औषध चालत नाही. पहिली अडचण जन्मतारखेची. आमच्या निम्म्या पेशंटांना ती माहीतच नव्हती आणि तो रकाना भरल्याशिवाय मशीन पुढे सरकत नव्हतं. रत्नाताईंनी त्यावर स्वतःच तोडगा काढला आणि ज्याला तारीख नाही त्याला सरसकट एक जानेवारी देऊन टाकली. मला याचा पत्ता नव्हता. नववर्षाच्या सकाळी मशीननं आपण होऊन शेकडो लोकांना दवाखान्याच्या नावानं वाढदिवसाच्या शुभेच्छा धाडल्या. मी कपाळाला हात लावला. दहाच्या सुमाराला उल्हासनगरचे एक म्हातारे सिंधी कापडवाले मिठाईचा खोका घेऊन दारात उभे. डोळे भरून आलेले. "डॉक्टर साब, मेरा बर्थडे आज तक किसी ने याद नहीं रखा," ते म्हणाले. सरांनी उठून त्यांना जवळ घेतलं, खोक्यातली बर्फी त्यांच्याच तोंडात घातली आणि माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे गप्प बैस. ती तारीख आम्ही नंतरही बदलली नाही.

टिपक्यांचं काम दुपारी चालायचं. दीड वाजता शटर अर्धं खाली यायचं, आत हिरवट अंधार व्हायचा. वाऱ्याबरोबर केमिकल कंपन्यांचा गोडसर वास यायचा, तो आम्हाला इतका सवयीचा आहे, की नसला तर चुकल्यासारखं होतं. सर तपासणीच्या टेबलावर उशी घेऊन आडवे व्हायचे. रत्नाताई खणातून लाल टिपक्याचं कार्ड काढून नाव वाचायच्या आणि सर डोळे मिटायचे. मग ते चालायला लागायचे. खरंच दुसरा शब्द नाही त्याला. "स्टेशनवरून आलो... पिठाच्या गिरणीशी वळलो... तिसरी खोली, दाराला निळा रंग. उंबऱ्याशी चपला आहेत, म्हणजे आजोबा घरात. आत डावीकडे खाट. खाटेवर ती... तिला ताप. तिची आई स्टोव्ह पेटवतेय, खिडकीत तुळस नाही, कोरफड आहे..." असं करत करत ते घरभर फिरायचे आणि मग कधीतरी अलगद म्हणायचे, "हां. आजोबांना. पेनिसिलिन." मी टाइप करायचे. पंखा फिरत असायचा. कधी कधी मला वाटायचं, की आम्ही तिघंही अंबरनाथच्या कुठल्यातरी दुसऱ्याच, पंचवीस-तीस वर्षं जुन्या दुपारी बसलो आहोत आणि बाहेरचे टॉवर अजून व्हायचे आहेत.

हे मला आता असं सुंदर दिसतं. तेव्हा मी घड्याळ बघत असे. एका कार्डाला वीस मिनिटं, आणि खण भरलेले. शेवटी एका दुपारी न राहवून मी म्हणाले, "सर, आपण कोरफडीत नको जायला. तुम्ही फक्त नाव सांगा." त्यांनी डोळे उघडले. जरा गोंधळल्यासारखे झाले. "बरं," म्हणाले. त्या दिवशी आम्ही चौदा कार्डं केली. मी इतकी खूश, की संध्याकाळच्या ओपीडीला येताना रत्नाताईंना आणि सरांना वडापाव घेऊन आले, आणि डायलिसिसच्या माणसाला वडापाव चालत नाही हेही मला आठवलं नाही. रत्नाताईंनी तो मुकाट्यानं स्वतःच्या डब्यात टाकला.

त्या चौदांमध्ये एमआयडीसीच्या मागच्या चाळीतलं एक घर होतं. दोन बहिणी. सरांनी विचार केला आणि म्हणाले, "सल्फा. थोरली... बहुतेक." बहुतेक लिहायला मशीनमध्ये जागा नव्हती. मी थोरलीच्या नावावर सल्फा टाकलं आणि पुढचं कार्ड मागितलं. महिन्याभरानं धाकटी लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन आली. मी स्क्रीनवर बघितलं, तिच्या नावापुढे काही नाही. रत्नाताई म्हणाल्या, "मॅडम, टिपक्याचं घर आहे हे. सरांना विचारायचं का?" मी म्हणाले, "आता विचारायची गरज नाही, ताई. त्यासाठीच तर केलं ना हे सगळं." आणि सल्फाच्या गोळ्या लिहून दिल्या.

दुसऱ्या दिवशी तिची आई तिला धरूनच घेऊन आली. ओठ सुजलेले, अंगभर लाल चकंदळं, श्वास लागलेला. आम्ही इंजेक्शन दिलं, रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं. रिक्षात ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून होती आणि मी तिचा श्वास मोजत होते. पोरगी वाचली, चौथ्या दिवशी घरी गेली. तिच्या आईनं मला एका शब्दानं बोल लावला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

सरांना सांगायला मी डायलिसिसच्या वॉर्डात गेले. ते पलंगावर पडून छताकडे बघत होते, नळ्यांमधून रक्त जात-येत होतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुला नावं पाहिजे होती. पण मला नावं येत नाहीत गं. मला घरं येतात. त्या दिवशी तू मला दारातच उभं केलंस, आत जाऊ दिलं नाहीस." आवाजात राग अजिबात नव्हता. मी तिथेच रडले, नर्सदेखत. ते म्हणाले, "ते चौदाही पुन्हा करू. आता सावकाश जाऊ." त्यांच्याजवळ वेळ नव्हता आणि तेच मला सावकाश म्हणत होते.

त्यानंतर मी घड्याळ काढून पर्समध्ये टाकायचे. मशीनमध्ये खाली 'इतर नोंदी' असा एक लांबलचक रकाना आहे. कुणीही तो भरत नाही. मी तो भरायला लागले. गिरणी, निळं दार, कोरफड, स्टोव्ह, सगळं. आज आमच्या त्या रेकॉर्डमध्ये कुणाची नोंद उघडली, की औषधाच्या खाली त्याच्या घराचा रस्ता येतो. सॉफ्टवेअरवाला मुलगा एकदा हसला, "मॅडम, ये क्या नॉव्हेल लिखा है?" मी त्याला चहा दिला आणि तो रकाना लहान करू नकोस, असं बजावलं.

एकेक खण रिकामा होत गेला तसे सरही ओसरत गेले. पूर्वी ते डोळे मिटून थेट बदलापूरच्या टोकापर्यंत जायचे. पुढे पुढे अर्ध्यातच म्हणायचे, "आज पाय दुखतायत. चाळीपर्यंत नाही पोचणार मी..." आणि मी त्यांच्या पायांवर पांघरूण घालायचे, टेबलावर झोपलेल्या माणसाच्या. हसू यायचं आणि हसवत नसे. शेवटी एकच खण उरला, खरवईचा. तिथे आता इमारती झाल्यात, पण सर जायचे तेव्हा ते गाव होतं आणि ते सायकलनं जायचे. त्यातलं पहिलं कार्ड रत्नाताईंनी वाचलं, सोनूबाई म्हात्रे. सर निघाले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "शेताच्या बांधापर्यंत आलोय... घर दिसतंय. कुणीतरी दारात उभं आहे..." आणि थांबले. मी वाट बघितली. रत्नाताईंनी वाट बघितली. "उद्या जाऊ," सर म्हणाले. ते सोमवारी. बुधवारी सकाळी रत्नाताईंचा फोन आला.

गेल्या रविवारी मी त्या खणातली कार्डं पिशवीत घातली, लॅपटॉप घेतला आणि खरवईला गेले. दुसरा उपायच नव्हता, आता ज्याचं त्यालाच विचारायला हवं होतं. शेताचा बांध काही सापडला नाही, तिथे एका सोसायटीचं पार्किंग आहे. पण त्यामागे तीन-चार जुनी घरं अजून आहेत. सोनूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं, मला घेऊन आत गेल्या आणि मधल्या खोलीत भिंतीशी एक बुटकं लाकडी स्टूल होतं, त्यावरचे कपडे उचलले. "बस गो बाय. डाक्तर हितंच बसायचे. खुर्ची दिली तरी नाय घ्यायचे."

मी बसले. आणि तिथून मला एकदम सगळं घर दिसलं. खाट, चूल होती ती जागा, देव, मागचं दार, त्यातून दिसणारं शेवग्याचं झाड. मानसुद्धा वळवावी लागली नाही. मग मी कार्ड काढलं, लाल टिपका दाखवला आणि विचारलं, "काकी, घरात कुठलं औषध कुणाला बाधतं?"

"त्यो टिपका माज्या सुनीलचा," त्या म्हणाल्या. "सल्फाची गोली घेतली का सगला अंग भरायचा त्याचा."

मी लॅपटॉप उघडला, नवीन नोंद. सुनील म्हात्रे. सल्फा. "वय काय हो त्याचं? आज ड्यूटीवर आहे का?"

"नाय गो. त्याला जाऊन अकरा वर्सं झाली. कंपनीतून येत व्हता, गाडीनं उडवला." त्यांनी माझ्या हातातलं कार्ड घेतलं, डोळ्यांजवळ धरलं, त्या टिपक्यावर अंगठा ठेवला. "डाक्तर आले तवा बोलले, काकी, आता ह्यो टिपका काढतो मी. मी बोलली, नको काढू. राहू दे. कार्डावर तरी पोर घरात हाय. मंग त्यांनी पेन काढला नि तोच टिपका परत गिरवला, लाल, चांगला दाट. नि हितंच बसून रडले."

स्क्रीनवर रकाना होता, रुग्ण हयात आहे किंवा नाही. 'नाही'वर बोट ठेवलं, की नोंद करड्या रंगाची होते आणि लाल खूण जाते. या खुणा चुकू नयेत म्हणून सरांनी आपले शेवटचे दिवस घातले होते, आणि माझ्या एका चुकीची किंमत एका पोरीनं मोजली होती. मला खोटं लिहायचा हक्क नव्हता. मी तो रकाना तसाच सोडला, खाली 'इतर नोंदी'त गेले आणि लिहायला लागले... बांध ओलांडला, ओटा, सूप, भिंतीशी स्टूल. दारात कुणीतरी उभं आहे. मग थांबून विचारलं, "काकी, सुनील कुठल्या खाटेवर झोपायचा?"

सोनूबाई उठल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "ये, दाखवते."