चूलबंद आवतण

बायकांनी बायकांवर केलेल्या प्रेमाचा इतिहास लिहायला घेतला आणि चंद्रपूर-गडचिरोली पालथं घातलं. एटापल्ली असो की भद्रावती, लोक प्रेमानं चहा पाजतात आणि मुद्द्याचं विचारलं की धानाच्या भावावर घसरतात. कागदोपत्री तर अशा बायका सापडतच नाहीत. कुणी विधवा, कुणी टाकलेली, कुणी भाडेकरू. वर संपादकांचा फोन, पुरावा काय? नवरा-बायको एका घरात राहिले तर कुणी पुरावा मागतं का, सांगा!

कोरपन्याकडच्या एका गावात निवृत्त नर्सबाई भेटल्या. कापूस पिकवणाऱ्या एका बाईच्या घरी त्या भाड्यानं राहायला आल्या आणि जन्मभर तिथंच राहिल्या. मालकीण गेली, त्याला वर्ष होत आलं. आता तिचे पुतणे सांगत फिरतात, की ही नुसती भाडेकरू होती.

‘उद्या मीबी मरन. मंग हेच खरं होऊन बसन,’ बाई म्हणाल्या.

पुरावा मागणं माझ्या अगदी जिवावर आलं, पण मागितला. बाईंनी आवतणाची हकिगत सांगितली.

त्या गावात लग्नाला चूलबंद आवतण असतं. घरातल्या सगळ्यांनी जेवायला यायचं, त्या दिवशी चूल पेटवायची नाही. या दोघींना मात्र वेगवेगळी आवतणं यायची, एक मालकिणीला, एक भाडेकरणीला. मालकीण भारी खमकी. तिनं निरोप धाडला, आमची चूल एक आहे, आवतणही एकच आणा. ते येईना, म्हणून दोघी जेवायलाच गेल्या नाहीत. सगळ्या गावाच्या चुली थंड आणि यांच्या घरातून धूर! लोकांनी टोमणे मारले, बोलणं टाकलं. या खुशाल वांग्याची भाजी रांधून जेवत राहिल्या. कित्येक लग्नं अशी गेली. शेवटी गावानंच हात टेकले. एक वधूपिता दारात आला आणि दोघींना मिळून चूलबंद देऊन गेला. पुढं सगळ्यांनी तेच केलं.

काय हिंमत म्हणायची ही! नावं छापणार नाही, असं मी कबूल केलं. बाईंनी मान हलवली, लिही म्हणाल्या. मग मी विचारलं, तुम्हा दोघींना काय म्हणून लिहू? मैत्रिणी? बहिणी?

‘बहीण मले राजुऱ्याले हाये,’ बाई म्हणाल्या. ‘ती जवळ नसली तरी मले झोप येते.’