बकारामने माझं नाव घेतलं होतं

बकाराम गेला ही बातमी बकारामने सांगितलेली नव्हती, म्हणून ती मला लगेच खरी वाटली. भातगिरणीच्या ओट्यावर मी एका अडत्याशी भावावरून घासाघीस करत होतो, आवाज चढला होता, आणि मुर्री गावाहून त्याचा भाऊ येऊन समोर उभा राहिला. "बकाराम गेला जी," एवढंच म्हणाला. मी अडत्याला तिथेच सोडून उठलो. वाटेत मला जे वाटत होतं ते दुःख नव्हतं, भीती होती. एका जुन्या आळाचा मी विनाकारण धनी झालेलो आहे, आणि तो आळ खोटा आहे हे पहिल्यापासून जाणणारा एकच माणूस होता. तो आता तिरडीवर होता... या गोष्टीला काही आठवडे झाले. साप्ताहिकाच्या संपादकांनी त्याच्याबद्दल लिहायला सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, लिहीन, पण गोड लिहिणार नाही.

गोंदिया स्टेशनच्या बाहेर त्याचा पानठेला होता. पान बरं लावायचा, पण लोक पानासाठी येत नसत. चारही बाजूंच्या गाड्या इथे येतात, आणि प्रत्येक गाडीतून काहीतरी उतरतं. बकाराम ते उचलायचा. बालाघाटला निघालेली वरात गडबडीत दोन गाड्यांत कशी बसली आणि नवरदेव एकटाच चांद्याच्या बाजूला कसा निघून गेला, एका बकरीने गार्डाची हिरवी झेंडी कशी चावून खाल्ली आणि गाडी कशी खोळंबली, असल्या त्याच्या बातम्या. खरं किती, खोटं किती, हे विचारायची रीत नव्हती. पण त्याची एक पद्धत होती. प्रत्येक बातमीत तो ऐकणाऱ्यांच्या ओळखीच्या एखाद्या माणसाचं नाव घालायचा. बकरी कोणाची, तर अमक्या वकिलाची. नवरदेव कोण, तर तमक्या सोनाराचा साडू. मी एकदा त्याला विचारलं, "नाव कायले घालतोस बे दरवेळी?" तर चुन्याचं बोट पुसत म्हणाला, "नाव नाही घातलं तर कोण कान देते गा? तू तरी देशील का?" त्यावर मीही हसलो होतो.

मी तेव्हा उमेदीत होतो. बापाने काही ठेवलं नव्हतं. बारदान, म्हणजे रिकामी पोती, विकण्यापासून सुरुवात करून मी गावोगाव बैलबंडीने फिरून धान खरेदी करू लागलो होतो. माझ्याकडे परखी असायची. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ती टोकदार, पोकळ अशी लोखंडी नळी असते. पोत्यात खुपसली की मधलं धान तिच्यातून हातावर येतं, आणि वर चांगला माल भरून खाली पोचट घालणाऱ्याची लबाडी उघडी पडते. रेल्वेच्या कडेच्या गावांना परखी माहीत होती. आतल्या गावांना नव्हती, तिथे माल मापाने आणि ओंजळीने पाहायचे. आतल्या गावांत ती नेणारा मी पहिला, आणि याचा मला गर्व होता.

त्याच सुमाराला चोरखमाऱ्याकडे तलावाचं काम सुरू झालं. माती वाहायला कुठून कुठून माणसं आली, आणि त्यांच्यामागे एक भयंकर अफवा आली. तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, उभी राहायला माणसाचं तेल लागतं, लेकरांच्या डोक्यातून ते काढतात, आणि त्यासाठी सरकारने माणसं नेमली आहेत. कोणी म्हणे मुंडकंच पुरतात. जंगलाकडच्या बायांनी लेकरांना अंगणाबाहेर सोडणं बंद केलं. ही अफवा बकारामच्या ठेल्यावर आली तेव्हा मी नेमका परखी काखेत मारून पान खात उभा होतो. तो माझ्याकडे बोट दाखवून चारचौघांत म्हणाला, "अरे, तेलवाला तं हा पाहा इथंच उभा आहे. याच्या नळीतून धान निघते असं वाटते का तुम्हाला?" सगळे हसले. मी त्याला एक शिवी दिली आणि बंडी जोडून निघालो. त्या हसणाऱ्यांत आठवडी बाजाराला आलेले दोघंतिघं आतल्या गावचे होते. ते हसून घरी गेले. घरी जाऊन त्यांनी जे सांगितलं, त्यात हसू नव्हतं.

तलावाच्या अलीकडचं एक गाव. नाव लिहीत नाही, त्यांचाही दोष मी धरत नाही. भर दुपारी बंडी गावात शिरली आणि एकही लेकरू मागे धावलं नाही. एरवी बंडी आली की पोट्टे मागच्या बाजूला लोंबकळायचे. दारं आतून लागत होती, कड्यांचे आवाज ऐकू येत होते. मला वाटलं, कोणी मयत झालं असेल. पाटलांच्या अंगणात पोती मांडलेली होती. मी नेहमीप्रमाणे परखी काढली, पोत्यात खुपसली, आणि मागून एका बाईची किंकाळी आली... वळून पाहतो तो अंगण माणसांनी भरलेलं. कुऱ्हाडी होत्या. कोणी ओरडत नव्हतं, त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. चिडलेल्या माणसाशी मी आयुष्यभर बोलत आलोय, तो माझा धंदाच आहे. भ्यालेल्या माणसाशी कसं बोलायचं ते मला येत नव्हतं.

"धान घेवाले आलो जी मी," मी म्हटलं. पाटील म्हणाले, "मंग भाव बोल." मला वाटलं, यांना खूश केलं तर सुटू. मी बाजारापेक्षा चढा भाव सांगितला. ते गप्प राहिले, म्हणून आणखी चढवला. तेव्हा पाटलांच्या शेजारी बसलेला एक म्हातारा हळूच म्हणाला, "आपल्या तोंडानं भाव वाढवते. हा धानवाला नोहे." मला हिसके देत गुरांच्या कोठ्यात कोंडलं. भिंतीपलीकडून चर्चा ऐकू येत होती. चर्चा मला मारायचं की नाही ही नव्हती. मारून पुरायचं कुठे, ही होती. पुरलेली जागा सरकारला कळली तर गावावर येईल, असं एक जण म्हणत होता. दुसरा म्हणत होता, तलावातच टाका, त्यालेच पायजे ना माणूस. मी शेणात बसून ते सगळं ऐकलं.

बकाराम शेजारच्या गावच्या बाजारात पानं घेऊन आला होता. 'तेलवाला धरला' ही बातमी त्याच्या पाटीपर्यंत आली तेव्हा त्याला ती आपलीच आहे हे ओळखू आलं. पाटी तशीच टाकून तो शेतांतून धावत आला. दाराच्या फटीतून मला तो दिसला, तोंडाला फेस आलेला. "सोडा जी त्याले. ते मी गमतीनं सांगतलो होतो. मीच सांगतलो." एक म्हातारी पुढे आली आणि म्हणाली, "लेकरायच्या जिवाची कोणी गंमत करते का रे बाबू? तू बी त्याच्यातलाच." आणि त्याचाही दंड कोणीतरी धरला. तो आणखी खरं सांगू लागला. ठेल्यावर कोण कोण होतं, कोण कसं हसलं, सगळं. जितकं खरं सांगत गेला तितके लोक जवळ सरकत गेले. त्याचा आवाज फुटला होता. आणि मग तो एकदम थांबला, दंड धरणाऱ्याच्या हाताकडे पाहिलं, आणि अगदी वेगळ्या आवाजात म्हणाला, "बरं तं. मी त्याच्यातलाच. मंग एक आयकून घ्या. आमच्या अंगाले ज्याचा हात लागला, तलावावरचा साहेब पहिलं त्याचंच घर विचारते. कोणाकोणाचा लागला, ते सांगा."

दंडावरचा हात गळून पडला. "कोणाचाच नाही लागला जी," पाटील म्हणाले. कोठ्याचं दार उघडलं. आम्ही दोघं गावातून चालत निघालो, बंडी मागेच राहिली. पाठीला डोळे फुटल्यासारखं झालं होतं. प्रत्येक पावलाला वाटे, आता दगड येईल. "मागं पाहू नको गा," एवढंच तो पुटपुटत होता. गाव दृष्टीआड झाल्यावर तो बांधावर बसला आणि ओकला. मी त्याच्या कानफटात मारली. त्याने ती खाल्ली, तोंड पुसलं, आणि म्हणाला, "भाव काऊन वाढवलास रे तू? भांडला असतास तर सोडलं असतं त्यायनं."

त्याने जीव वाचवला, हे मी नाकारत नाही. पण कशाने वाचवला? मी तेलवाला आहे हे कबूल करून. त्या दिवसापासून तो सगळा भाग मला बंद झाला. तिकडचं सुवासिक चिन्नोर धान दुसऱ्यांनी उचललं आणि त्यावर घरं बांधली. मी आमगावच्या बाजूला नव्याने सुरुवात केली. तलाव भरला, त्याच्या पाण्यावर शेतं पिकू लागली, आणि तरी त्या गावांत आया हट्टी लेकरांना माझ्या नावाने भिववत राहिल्या. मी त्याला कितीदा म्हटलं, चल, माझ्यासोबत येऊन गावागावांत सांग की खोटं होतं. तो म्हणायचा, "सांगतलं होतं ना गा एकदा. कोणी आयकलं?" माफी त्याने कधी मागितली नाही.

मात्र त्याच्या बातम्यांतून नावं गेली. बकरी कोणाची तरी असायची, नवरदेव कुठलासा. लोक कुरकुरायचे, बकारामचं पान राहिलं, बातमी बेचव झाली. या वर्षी तर, स्वराज्य येणार येणार म्हणतात आणि प्रत्येक गाडीतून भलतंसलतं उतरतं आहे. अमुक शहरात कापाकापी, तमुक गाडीत प्रेतं. लोक ठेल्याला गराडा घालायचे, "बोलो भाई, क्या खबर है?" म्हणायचे, आणि तो कात लावत म्हणायचा, "आज काही नाही." शेवटचा भेटलो तेव्हा मी त्याला डिवचलं, गाड्या बंद पडल्या की तुझं तोंड? तो म्हणाला, "सकाळी जे सांगतो ते सायंकाळी वापस येते, अन मलेच ओळखू नाही येत. भेव लागते गा." बातमी विकणाऱ्याने भ्यावं, याचा मला राग आला. मी पान न घेताच आलो.

ठेल्यावर एक बाक होता. परका फेरीवाला गाडीतून उतरला, पाठीवर गाठोडं दिसलं, की बकाराम त्याला हाक मारून बाकावर बसवायचा आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचा, नाव काय, गाव कुठलं, गाठोड्यात काय, कोणाकडे चाललास. मी त्याला भोचक म्हणायचो. सगळेच म्हणायचे.

परवा ठेल्याशी उभा होतो. ठेला बंद, बाक तसाच. गाडीतून एक हिंगवाला उतरला, उंच, दाढीवाला, मोठी थैली खांद्यावर, भाषा अडखळती. समोरच्या नळावरच्या बायांनी लेकरं जवळ ओढली. शेजारचा सायकलवाला आपल्या दुकानाबाहेर आला. दोघं अजून आले. कोणी काही बोलत नव्हतं, आणि ती शांतता मला चांगली ओळखीची आहे. निघून जावं असं फार वाटलं.

"इधर बैठो," मी बाकावर हात आपटून म्हटलं. "नाम क्या? गाव कौनसा? थैली खोलो, हिंग दिखाओ." तो बसला. मी भाव विचारला. त्याने सांगितला, तो मला परवडण्यासारखा नव्हता, आणि मी भर रस्त्यात, जितक्या मोठ्याने येईल तितक्या मोठ्याने, त्याच्याशी भांडत राहिलो.