महादेवरावांच्या नावातलं एक अक्षर

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपूरला सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कंप्युटर सेंटरमध्ये मी प्रोग्रामर होते. नोकरी टेम्पररी, तीही जेमतेम दीड वर्षाची.

पावसाळ्यातल्या एका मंगळवारी ऑफिसला पोचले तर जिन्यावर एक म्हातारे गृहस्थ चपला हातात घेऊन बसलेले. मशीनच्या खोलीत चपला चालत नाहीत हे त्यांना कोणीतरी सांगितलं असावं... म्हणून त्यांनी खालीच काढल्या होत्या.

"बाई, मी उमरेडचा महादेव. कोष्टी हाव. तुमच्या मशीननं मले यादीतून काहून काढलं, तेवढं पाहून सांगा."

झालं होतं असं, की हातमागवाल्यांना सोसायटीतून सूत मिळायचं. बोगस नावं फार झाली म्हणून सरकारने ठरवलं, की सोसायटीची यादी आणि सर्वेक्षणाची यादी कंप्युटरवर ताडून बघायची. दोन्हीकडे नाव जुळलं तरच सूत. आमच्या मशीनला मराठी येत नव्हतं, त्यामुळे ऑपरेटर मुली नावं इंग्रजीत पंच करायच्या. अक्षरन् अक्षर जुळवणारा प्रोग्राम माझा होता. छान चालला म्हणून माझं कौतुकही झालं होतं...

मी प्रिंटआउट काढून बघितलं. एका यादीत 'महादेव'च्या शेवटी इंग्रजी व्ही होता, दुसऱ्या यादीत ओ. आमच्याकडे दोन्ही तऱ्हेने लिहितात. बस्स, एवढंच.

त्यांना समजावून सांगितलं.

"म्हणजे मी दोन माणसं झालो, का एकबी नाही?"

रागाने नाही विचारलं हो... खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं. मग म्हणाले, "चार महिने झाले, माग बंद हाय. हात विसरून राहिले आता."

मी त्यांचं नाव दुरुस्तीला पाठवते म्हटलं. ते गेल्यावर 'न जुळलेल्या' नावांचा गठ्ठा पहिल्यांदा नीट वाचला. लक्ष्मण दोन स्पेलिंगचे, विठ्ठल तीन स्पेलिंगचे... त्या दुपारी डबा उघडलाच नाही.

आमच्या साहेबांकडे गेले. माणूस सज्जन, पण निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. ते एवढंच म्हणाले, "धोरण आपण ठरवत नाही. ते सांगतात, आपण लिहितो." मी टेबलावर परत येऊन बसले. आणि गप्प राहिले... हे मला आजही सांगावंसं वाटत नाही, पण राहिले. दुरुस्तीचा कागद कुठल्याशा टेबलावर पडून होता, त्याचाही पाठपुरावा केला नाही.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला सगळं सरकार नागपुरात आलं. त्याच सुमारास एक मसुदा निघाला. हीच पद्धत रेशनकार्डांना, पेन्शनला, राज्यभर लावायची. त्यावर मत द्यायला शहरातल्या कंप्युटरवाल्यांना बोलावलं. आमचे साहेब आणि मी, इंजिनियरिंग कॉलेजचे प्राध्यापक, खासगी कंपनीतले एक-दोन जण.

दोन तास चर्चा झाली ती मशीन कोणतं घ्यायचं याची. शेवटी मुंबईहून आलेल्या सचिवांनी फाइल मिटता मिटता विचारलं, "पद्धतीबद्दल कोणाला काही?"

मी कशी उभी राहिले, आठवत नाही. "सर, मशीन चुकलं नाही. मी चुकले," म्हटलं... आणि महादेवरावांचं सगळं सांगितलं.

"मग तुमची सूचना काय?"

"नाव जुळलं नाही म्हणून कापू नये, सर. आधी कोणीतरी घरी जाऊन त्या माणसाला विचारावं. आणि यादी गावात मराठीत वाचून दाखवावी."

"तोंडी नको. लेखी द्या. सहीसकट, आत्ता."

टेम्पररी माणसाने आपल्याच ऑफिसचं काम चुकलं असं सहीनिशी द्यायचं! लिहिलं. सही केली. कागद पुढे सरकवला तर साहेबांनी मध्येच हात घालून उचलला. मला वाटलं, आता हा खिशात जाणार...

त्यांनी पेन काढलं, माझ्या सहीखाली आपली सही केली, हुद्दा लिहिला आणि कागद पुढे दिला. त्यावर आम्ही पुढे कधी एक शब्दही बोललो नाही.

उन्हाळ्यात परिपत्रक आलं. गावात यादी वाचायची सूचना गळली होती. पण एक ओळ राहिली होती... 'प्रत्यक्ष चौकशी केल्याशिवाय कोणाचेही नाव कमी करू नये.' विणकरांची नावंही परत आली.

मी एसटीने उमरेडला गेले, महादेवरावांना स्वतः सांगायला. घरात माग नव्हता. पाय सोडून बसायचा मागाचा खड्डा मातीने बुजवून वरून सारवलेला होता. म्हातारा-म्हातारी आता मुलीकडे कामठीला जायच्या तयारीत.

माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाकीच्याइचे माग तं चालू झाले ना?"

"झाले."

"मंग झालं. बसा, चहा घ्या." म्हातारीने त्या सारवलेल्या जागेवरच चटई टाकली...

आता माझी भाची याच क्षेत्रात आहे. सरकारी मसुद्यांवर मतं मागवतात, ती विचारते, लिहून काही होतं का गं मावशी? मी तिला खात्री देत नाही. सगळं ऐकलं जात नाही, एखादी ओळ राहते. साहेब आज नाहीत, पण त्यांच्या त्या सहीचं ऋण मी विसरलेले नाही.

पण ती ओळ मी त्या मंगळवारीच लिहायला हवी होती. डिसेंबरपर्यंत थांबले... तेवढ्या काळात एक माग गेला.