सातव्या पायरीवर माईंची भाकरी

गाजरगवत आणि नाटकाचे किस्से पेरावे लागत नाहीत. आमच्या श्रीरामपूरच्या मंडळींनी 'सातवी पायरी' हे संगीत नाटक बसवलं, त्याचे प्रयोग झाले अकरा. किस्से मात्र माझ्या मेडिकलच्या काउंटरवर अजून उगवतायत! मी नाटकात कुणी नाही बरं का. नट नाही, लेखक नाही, पडदा ओढणाराही नाही. मी फॅन. अकराच्या अकरा प्रयोग पाहिलेला, आणि गाण्यांचं रेकॉर्डिंग बायको हात जोडेपर्यंत ऐकलेला.

गोष्ट थोडक्यात सांगतो. एका गावात जुनी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, असते. दुष्काळात तिला वाचा फुटते आणि ती सात माणसं मागते. एकेक जण गात गात पायऱ्या उतरतो, वर कुणीच येत नाही. शेवटची उतरते ती सखू नावाची सून. तिचं गाणं म्हणजे जात्यावरची ओवी. तीन ओळी होतात आणि चौथीच्या आधीच पाणी तिला ओढून नेतं. ढोलाचा एक ठोका, की अंधार. अकराही वेळा मी रुमाल भिजवला. आणि तरी सांगतो, इतका मी दुसऱ्या कुठल्या नाटकाला हसलेलो नाही!

*

कारण संगीत होतं लाजरसमास्तरांच्या ब्रास बँडचं. सगळी हयात वराती वाजवण्यात गेलेली माणसं! मास्तरांनी त्यांच्याकडून असं काही वाजवून घेतलं की क्लॅरिनेट वाजतंय की कुणी विहिरीतून हाक मारतंय, कळेना.

पण सवय ती सवय. बेलापूरला पहिलाच प्रयोग. नाटकातले पाटील फेटा बांधून मरायला निघाले. फेटा दिसल्याबरोबर कॉर्नेटवाल्या बाबूरावांनी वरातीतलं उडतं गाणं सुरू केलं! मागोमाग ताशा. पुढच्या रांगेतले चार जण उठून नाचायलाच लागले. पाटलांनी काय करावं? तेही नाचत नाचत बारवेत उतरले.

मध्यंतरात मास्तर कडाडले, "बाबूराव, मानूस मरायला चाललाय!"

बाबूराव शांतपणे म्हणाले, "मास्तर, फेटा बांधलेला मानूस आजवर मी तिकडंच तर पोचवलाय!"

दुसऱ्या प्रयोगापासून पाटील टोपी घालून मरू लागले.

*

सखू व्हायची शोभा. एरवी ती दवाखान्यात नर्स आहे. तिच्या सासूबाईंना सगळे माई म्हणतात. माई अजून डाळ जात्यावर भरडतात. ओवीची चाल मुळात त्यांचीच. शोभा ती त्यांच्याच शेजारी बसून शिकली आणि मास्तरांनी जशीच्या तशी उचलली.

नाटकाचा शेवट कानावर गेला तशा माई तालमीत येऊन उभ्या राहिल्या. "सवाशीन बाई स्टेजवर मारता? आन् ती बी ओवी अर्धी टाकून? जातं सुदिक थांबत न्हाई, ओवी पुरी व्हईस्तोवर!"

मास्तर म्हणाले, "माई, अर्धी हाय म्हनूनच काळजात घुसती."

"तुमच्या काळजात घुसवा. माझी सून मला घरी पायजे."

शेवटी तह झाला. शोभा मरणार. पण पडदा पडला की माई विंगेत तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकणार, आणि मगच ती लोकांपुढे नमस्काराला येणार. माई प्रत्येक प्रयोगाला पदराखाली भाकरी घेऊन हजर! मात्र शेवटचं गाणं आलं की पाठ फिरवायच्या आणि दोन्ही कानांत बोटं घालायच्या.

शोभाला बक्षीस मिळालं, सत्कार झाले. एकदा माझ्याकडं गोळ्या घ्यायला आली तेव्हा म्हणाली, "भाऊ, सगळ्या तालुक्यानं ऐकलं. जिच्याकडून शिकले तिनंच नाही ऐकलं. एकदा ऐकावं हो माईंनी." बोलली हसतच, पण गोळ्या काउंटरवर विसरून गेली. मला फार वाईट वाटलं.

*

आठवा प्रयोग शनिशिंगणापूरच्या वाटेवरच्या एका गावात होता. पडदा पडला, टाळ्या सुरू झाल्या आणि विंगेत माईंची भाकरी गायब! पहिल्या अंकात मेलेल्या पाटलांना भूक लागली होती. त्यांनी चटणीबरोबर ती संपवली होती.

कुणीतरी धावत जाऊन चहाच्या टपरीवरून पाव आणला. माई म्हणाल्या, "पावानं दिष्ट निघती व्हय?"

बाहेर लोक टाळ्या पिटतायत, आत शोभा मेलेलीच! अखेर दर्शनाहून परतणाऱ्या एका आजोबांनी आपल्या डब्यातली भाकरी काढून दिली. तोवर टाळ्या लांबल्या आणि आमच्या मंडळींना वाटलं, एवढ्या टाळ्या कलेला. पाटील आजही तोच प्रयोग सगळ्यात रंगला म्हणतात.

*

रेकॉर्डिंग आलं आणि मी ते दुकानात लावलं. पहिलंच गाणं बारवेच्या हाकेचं. एक म्हातारबाबा खोकल्याचं औषध घ्यायला आले, दोन मिनिटं ऐकलं, चपला काढल्या आणि पायरीवर बसले. म्हणाले, "लई वाईट झालं. कधी गेले?"

मी म्हणालो, "बाबा, नाटक आहे."

"आसंल. पन गेलं कोन?"

*

नगरच्या एका जाणकार रसिकांनी मास्तरांना फोन केला. "गाण्यांमागं ती पावलं वाजतात ना, मृत्यू जवळ येत असल्यासारखी, काय कल्पना आहे हो!"

मास्तर म्हणाले, "व्हय, त्याच्यावर लई इचार केला आमी."

विचार कसला! चर्चच्या हॉलमध्ये रेकॉर्डिंग होतं. बँडवाल्यांना खुर्च्यांवर बसवलं तर एकाचाही ताल लागेना. बाबूराव म्हणाले, "पाय चालल्याबिगर हात चालत न्हाईत." जन्मभर चालत वाजवलेलं! मग सगळा बँड माईकभोवती गोल फिरत वाजवायला लागला. करकर वाजतात ते बाबूरावांचे नवे बूट.

*

त्याच दिवशी, त्याच हॉलमध्ये शेवटचं गाणं राहिलं होतं. घशाच्या गोळ्या पोचवायच्या निमित्तानं मीही कोपऱ्यात उभा होतो. माई भाकरी घेऊन भिंतीकडं तोंड करून बसलेल्या. पण बँड फिरायला लागला की फरशी हादरायची आणि शोभापुढचा माईकचा स्टँड डुगडुगायचा. कुणीतरी तो धरायला हवा होता. वाजवणाऱ्यांचे हात गुंतलेले. मास्तरांनी इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाले, "माई, जरा धरता का?"

माईंनी भाकरी कमरेला खोचली आणि स्टँड दोन्ही हातांनी धरला. बँड चालू लागला. आता कानांत बोटं कशी घालणार?

शोभानं डोळे मिटले.

"सातव्या पायरीला,
पाणी लागलं घोट्याला,
निरोप सांगा माझ्या घराला..."

आवाज तुटला. पावलं थांबली. ढोलवाल्यानं टिपरू उचललं. आणि माईकच्या अगदी जवळून, जात्यासारख्या जड आवाजात माईंनी चौथी ओळ म्हटली,

"येते म्हनून."

टिपरू हवेतच राहिलं. रेकॉर्डिंगवाला हेडफोन काढून म्हणाला, "रीटेक घ्यायचा?" मास्तरांनी डोळे पुसत नुसतीच मान हलवली, नाही म्हणून.

शोभा माईंकडं बघत उभी होती. माईंनी स्टँड सोडला, कमरेची भाकरी काढली, तिच्यावरून तीनदा ओवाळली आणि म्हणाल्या,

"झाली पुरी. आता मर खुशाल, किती बी डाव!"