बंदराच्या वाटेवरचा बर्फ

त्या वर्षी माझं आणि दत्तमहाराजांचं बोलणं जवळजवळ बंद होतं. म्हणजे बोलायचे मीच, आणि तेही भांडायला. माझा नवरा सुहास मालवाहू जहाजावर इंजिनियर. घरी यायची वेळ झाली की त्याच्या जागी यायला माणूस मिळायचा नाही आणि काँट्रॅक्ट पुढे ढकललं जायचं. मध्ये एकदा त्याचं जहाज इंधन भरायला, आम्ही राहतो त्या सिंगापूरच्याच समुद्रात नांगरलं, पण खाली उतरायची परवानगी नव्हती. आमची सहा वर्षांची इरा ईस्ट कोस्टच्या वाळूत उभी राहून दिसेल त्या जहाजाला हात करत राहिली. पुंगोलच्या फ्लॅटमध्ये दर गुरुवारी मी तसबिरीला हार घालायचे आणि विचारायचे, "काय हो महाराज, माझाच नवरा सापडला का तुम्हाला?"

फेब्रुवारीत त्याचा फोन आला. जहाज जपानमध्ये होक्काइदोला मका उतरवायला चाललं होतं, आणि तिथे बंदराच्या गेटपर्यंत त्याला येता येणार होतं. मी म्हटलं, "मी येते." तो म्हणाला, "वेड लागलंय का तुला? बर्फ आहे तिथे, बर्फ!" पण माझं डोकं एकदा फिरलं की फिरलं. बंदर रेल्वेपासून लांब, म्हणून गाडी भाड्यानं घ्यायचं ठरवलं. शेजारचे भाऊजी म्हणाले, "फोर-व्हील ड्राइव्ह घ्या वहिनी, मग बिनधास्त! रणगाडाच तो." मी बेसनाचे लाडू वळले, इराला स्वेटरांत गुंडाळलं आणि निघाले.

आमचं विमान बर्फामुळे उशिरा उतरलं. फोन चालू केला तर सुहासचा मेसेज: 'काम लवकर आटपतंय. दुपारीच सुटतोय. येऊ नकोस, जपून राहा.' उलट फोन केला तर लागेना. गाडीच्या काउंटरवरची मुलगी मोडक्या इंग्रजीत समजावत होती, चारही चाकांना जोर मिळाला की गाडी निघते छान, पण थांबताना त्याचा उपयोग नाही, बर्फावर सगळ्या गाड्या सारख्याच घसरतात. मी नुसती मान हलवली. माझं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं.

आणि खरंच, गाडी काय सुटली म्हणून सांगू! चढावर जराही कुरकुर नाही. मला वाटलं, भाऊजींचं बरोबर आहे. बर्फ वाढत होता आणि मी मोठ्यानं म्हणत होते, "महाराज, एवढा बर्फ थांबवा हो. आयुष्यात दुसरं काही मागणार नाही." मग उतार आला, खाली वळण. मी ब्रेक दाबला. पायाखाली पेडल थरथरलं आणि गाडी आपली चाललीच आहे. मी घाबरून स्टिअरिंग गर्रकन फिरवलं, तरी ती सरळच जात राहिली. मागून इरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "ममा, कार नॉट लिसनिंग लाह!" आणि आम्ही कडेच्या बर्फाच्या ढिगात नाक खुपसून थांबलो. कुणाला काही लागलं नाही. पण मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. जहाज आता जाणार, हे मला कळून चुकलं होतं.

काचेवर टकटक झाली. लाल हातमोजे घातलेली, माझ्या आईच्या वयाची एक बाई उभी होती, मागे तिचा छोटा ट्रक. धूर गाडीत कोंडू नये म्हणून तिनं आधी मागे सायलेन्सरपुढचा बर्फ हातानं उकरला, मग दोर बांधून गाडी ओढून काढली. मी फोनवर तिला बंदर दाखवलं, सुहासचा फोटो दाखवला. ती खुदकन हसली. मग खिडकीतून हात घालून माझी स्टिअरिंगवर आवळलेली बोटं तिनं एकेक करून सैल केली, आणि पायाकडे बोट दाखवून तळहात हळूच खाली आणला, हळू, अगदी हळू. नंतर ट्रकचे लुकलुकते दिवे लावून ती पुढे निघाली. समोर सगळं पांढरं, फक्त ते दोन दिवे दिसत होते. ती खूप आधीपासून वेग कमी करायची, मीही करायचे. मध्ये भरपूर अंतर ठेवलं, ब्रेकला नुसता पाय टेकवला. घाई करायला आता काही उरलंच नव्हतं. पहिल्यांदाच मी महाराजांना काही मागत नव्हते, नुसतं नाव घेत होते. बंदराचं फाटक दिसल्यावर तिनं हॉर्न दिला आणि वळून निघून गेली. लाडूंचा डबा द्यायचा राहूनच गेला.

दुपार केव्हाच टळली होती. फाटकाशी हेल्मेट घातलेला एक माणूस उभा होता. इरानं त्याला माझ्या आधी ओळखलं आणि "पप्पा!" करत धावली.

"अगं, तू आलीस कशी?" सुहासनं इराला उचलून घेतलं. "तुझा फोन लागेना, म्हणून फाटकाशी येऊन बघत होतो."

"तू गेला नाहीस?"

"जाणार कसं? बर्फ वाढला आणि माल उतरवणं थांबवलं. मका भिजतो ना, कोठारांची झाकणं बंद करावी लागतात. आता बर्फ थांबेपर्यंत आम्ही इथेच."

जो बर्फ थांबवा म्हणून मी महाराजांना विनवत होते, त्यानंच माझा माणूस धरून ठेवला होता. माझं मागणं ऐकलं असतं तर मी रिकाम्या धक्क्यावर पोचले असते.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि जहाज गेलं. त्यानंतरही सुहासला घरी यायला बराच काळ लागला. वाट पाहणं काही सोपं झालं नाही, जीव तसाच तुटायचा. पण गुरुवारी हार घालताना आता मी बोटं सैल सोडते, आणि न मागितलेल्या त्या दिवसाबद्दल हात जोडते. तेवढं झालं की इराला घेऊन जहाजं बघायला जाते.